बॅटरी आहे का गेली? कोयनेच्या गॅलरीपासून झटका मशीनपर्यंत

आजची नोंद पिकाची नाही, बॅटरीची आहे. पण शेवटी पिकावरच येते, म्हणून सबुरीनं वाचा.

पाटण, जावळी, शिराळा ह्या डोंगरकडेच्या पट्ट्यात आता झटका मशीनशिवाय रान राखणं अवघड झालंय. वर कोयना अभयारण्य, खाली चांदोली. मधल्या भात, मका, ऊस, भुईमुगात रात्री गवे आणि रानडुकरं. मशीन तसं साधं असतं. बारा व्होल्टची बॅटरी, वर छोटं सोलर पॅनल, आणि तारेत साधारण दर सेकंदाला एक ठोका. ठोका काही हजार व्होल्टचा, पण क्षणभराचा, म्हणून जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. सगळा खेळ त्या बॅटरीवर. पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही पडलं की बॅटरी उतरते, आणि उतरताना ती आवाज करत नाही. सकाळी रान तुडवलेलं दिसतं तेव्हा कळतं.

ह्यातून पुढं वाईट घडतं ते असं. मशीनवरचा भरवसा उडाला की कुणीतरी तारेत थेट लाईन सोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात महाराष्ट्रात जनावरंही गेली आणि माणसंही गेली. म्हणजे "बॅटरी आहे का गेली?" हा प्रश्न दिसतो बारका, पण त्याच्यावर जीव टांगलेला असतो.

हा प्रश्न आपल्या सातारा-सांगलीत नवा नाही. आणि त्याचं उत्तर देणारी अवजारं बहुतेक वेळा आकडा सांगत नव्हती. ती फक्त "हो" किंवा "नाही" सांगायची. आज मायक्रोकंट्रोलरच्या डिजिटल पिनवर बॅटरी तपासता येते, तीही हो-नाहीच सांगते. म्हणून हा सगळा इतिहास एका दोरीत ओवून बघूया.

कोयना, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं

११ डिसेंबर १९६७. कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली, कोयनानगरातली घरं जमीनदोस्त झाली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ती पहाट अजून आठवते. धरण उभं राहिलं, पण उतार जिथं बदलतो त्या उंचीवर दोन्ही अंगांना भेगा गेल्या. पुढं खालच्या अंगाला टेकू देऊन धरण मजबूत केलं.

आता बॅटरीचा मुद्दा. त्या धरणाच्या पोटात तपासणीसाठी बोगदे आहेत, त्यांना गॅलरी म्हणतात. १-अ नंबरच्या ब्लॉकातल्या गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं, ॲक्सेलरोग्राफ. जमीन किती जोरात हलली ते फोटोच्या कागदावर रेघेनं काढणारं. हे यंत्र रोज चालत नाही. कागद किती वाया जाईल? ते झोपलेलं असतं. आत एक लोलक असतो. ठरावीक हादऱ्याच्या वर हादरा बसला की लोलक हलतो, संपर्क जुळतो, बॅटरीतून वीज सुटते आणि कागद पळायला लागतो. हादरा त्या मर्यादेच्या खाली असेल तर "नाही", वर असेल तर "हो". मधलं काही नाही.

त्या पहाटे लोलकानं "हो" म्हटलं आणि बॅटरी हजर होती. कागदावर उमटलेला सगळ्यात मोठा झटका धरणाच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला आकडा होता ०.०५. किती पट फरक ते तुम्हीच काढा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदीचा अभ्यास केला. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे संगणकावर तपासायचं झालं की आजही जगभरातले इंजिनिअर कोयनेचीच नोंद घालून बघतात.

आता उलट विचार करा. ती बॅटरी त्या पहाटे उतरलेली असती तर? भूकंप तेवढाच झाला असता, नुकसानही तेवढंच. फक्त जगाला त्यातून शिकायला काही उरलं नसतं. एरवी झोपलेल्या यंत्राची बॅटरी त्या एका मिनिटाला भरलेली असावी, ह्यासाठी कुणीतरी तिची वेळेवर देखभाल केली होती. त्या माणसाचं नाव कुठं छापून येत नाही.

काचेच्या नळीत तरंगणारा गोळा

देखभाल म्हणजे काय करायचं? शिसं आणि आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्टेनं १८५९ साली केली. तिची एक सोय अशी की तिची तब्येत तिच्या पाण्यातच कळते. बॅटरी उतरते तसं आम्ल प्लेटांत जातं आणि पाणी हलकं होतं. भरते तसं आम्ल परत पाण्यात येतं आणि पाणी जड होतं. म्हणून हायड्रोमीटर: काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काचेचा गोळा. ट्रॅक्टरच्या बॅटरीत चांगली भरलेली असली तर वाचन १.२६० च्या आसपास, पार उतरली तर १.१५० च्याही खाली. बॅटरीवाल्याच्या नळीवर बरेचदा आकडेही नसतात, तीन रंग असतात: हिरवा, पिवळा, लाल. त्याला तेवढं पुरतं.

मोठ्या ठिकाणी हेच काम वहीत चालतं. कराड असो नाहीतर मिरज, कुठल्याही सबस्टेशनात एक खोली बॅटऱ्यांची असते. ११० व्होल्टचा संच म्हणजे दोन-दोन व्होल्टचे ५५ सेल. लाईनवर बिघाड झाला की नेमकी तिथली वीजच कोसळते, मग ब्रेकर पाडायचा कुणी? बॅटरीनं. म्हणून तिथला ऑपरेटर संचातला एक सेल नमुन्याला धरतो, पायलट सेल म्हणतात त्याला, आणि त्याची घनता, व्होल्टेज वहीत लिहीत राहतो. तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजातही तेच, ४८ व्होल्टचा संच. गावाची लाईट गेली तरी जुना फोन चालायचा तो त्याच्यामुळं.

म्हणजे पहिली रीत: माणूस जातो, बघतो, लिहितो. फार खात्रीची रीत आहे. फक्त माणूस पाहिजे.

रेल्वेनं उलटा प्रश्न विचारला

माणूस नसेल तर काय, ह्याचं उत्तर रेल्वेनं काढलं. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन नावाच्या माणसानं रुळातून बॅटरीची वीज सोडली. रूळ मोकळा असेल तर वीज पलीकडं पोचते, रिले ओढलेला राहतो आणि सिग्नल "जा" दाखवतो. गाडी आली की चाकांतून वीज आडवी जाते, रिले सुटतो, सिग्नल "थांब".

त्यातली खरी हुशारी पुढं आहे. रूळ तुटला तरी रिले सुटतो. वायर तुटली तरी सुटतो. बॅटरी मेली तरी सुटतो. बिघाड कुठलाही असो, सिग्नल लालच होणार. त्यानं "धोका आहे का?" असं विचारलं नाही, "सगळं ठीक आहे का?" असं विचारलं. उत्तर आलं नाही तर ते "नाही" धरायचं. आपल्या पुणे-मिरज मार्गावर कऱ्हाडला, किर्लोस्करवाडीला जो सिग्नल दिसतो, त्याच्यामागं हेच तत्त्व आहे.

आपलं झटका मशीन बरोबर ह्याच्या उलट वागतं. ते बंद पडलं की गप्प बसतं, आणि आपण गप्प म्हणजे ठीक असं धरून झोपतो.

स्टार्टरची कॉइल: आपल्याच शेतातला हो-नाही

१९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्याचीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगरापासून सुरुवात, पुढं पंप. इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं, तेव्हा शेतात बॅटरीचं काही कामच नव्हतं. पुढं कृष्णाकाठाला वीज आली, मोटारी आल्या, आणि प्रत्येक मोटारीच्या पेटीत आली नो-व्होल्ट कॉइल.

"कॉइलनं सोडलं" हे वाक्य आपण हजारदा बोललोय. पण ती कॉइल काय करते ते नीट बघा. व्होल्टेज पुरेसं असेल तोवर ती पट्टी धरून ठेवते. खाली गेलं की सोडते. आणि सोडते ज्या व्होल्टेजला, त्याच व्होल्टेजला परत ओढत नाही. ओढायला जास्त लागतं, धरून ठेवायला कमी पुरतं. हा मधला फरक नसता तर व्होल्टेज हेलकावे खाताना स्टार्टर सारखा खडखडला असता आणि मोटार जळाली असती. इलेक्ट्रॉनिक्सवाले ह्या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. आपण त्याला नाव न देता पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय.

हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

चिपच्या पायाला विचारायचं कसं

१९८० साली इंटेलची ८०५१ ही चिप आली. एकाच तुकड्यात मेंदू, स्मरण आणि बाहेरचं जग बघायला पाय. सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज, राजारामनगरचं आरआयटी अशा ठिकाणी हे शास्त्र शिकून पोरं बाहेर पडली. २००५ साली इटलीत आर्दुइनो आलं आणि काही वर्षांत हे काम कॉलेजबाहेरच्या पोरांच्याही हातात आलं. आज ठिबकचे व्हॉल्व्ह, मोबाईल स्टार्टर, झटका मशीनवरचा अलार्म, सगळ्यात असली एखादी चिप असते.

चिपला दोन तऱ्हेचे पाय असतात. ॲनालॉग पिन आकडा सांगते. डिजिटल पिन फक्त एक किंवा शून्य. ॲनालॉग मोकळी असेल तर तीच वापरा, मी नाही म्हणत नाही. पण काही बोर्डांवर ॲनालॉग एकच असते आणि ती ओलाव्याच्या सेन्सरला गेलेली असते. रास्पबेरी पायवर तर ती नसतेच. आणि डिजिटल पिनची एक खुबी आहे: चिप झोपलेली असतानाही पिन बदलली की ती जागी होते. कोयनेच्या लोलकाचंच काम, पण नखाएवढ्या जागेत.

आता पाच व्होल्टवर चालणाऱ्या, एटीमेगा ३२८ चिपच्या बोर्डाचं उदाहरण घेऊ. कंपनीचा कागद म्हणतो: दीड व्होल्टच्या खाली नक्की शून्य, तीन व्होल्टच्या वर नक्की एक. मधल्या पट्ट्याची हमी नाही. मी माझ्या बोर्डावर मोजलं तर पिन उतरताना २.२ च्या आसपास शून्य झाली आणि चढताना २.७ च्या आसपास एक. म्हणजे आपल्या कॉइलसारखंच, अर्ध्या व्होल्टचा फरक.

पहिली युक्ती सगळे करतात: दोन रेझिस्टर लावून बॅटरीच्या व्होल्टेजचा पाचवा हिस्सा पिनला द्यायचा. बारा व्होल्टचे २.४ होतात. दिसतं ठीक. पण हिशोब करा. २.२ ला सोडते म्हणजे बॅटरी ११ व्होल्टला आल्यावर. २.७ ला परत धरते म्हणजे बॅटरी साडेतेरा व्होल्टला गेल्यावर. भागाकार केला की फरकही पाचपट होतो, अर्ध्याचा अडीच व्होल्ट. शिशाच्या बॅटरीत स्वस्थ असताना भरलेली म्हणजे साधारण १२.६ ते १२.७, अर्धी १२.२, उतरलेली ११.८ च्या आसपास. सगळा संसार एका व्होल्टच्या आतला, तिथं अडीच व्होल्टचा गज घेऊन काय मोजणार?

म्हणून भागायचं नाही, वजा करायचं. बॅटरी आणि पिन ह्यांच्यामध्ये दहा व्होल्टचा झेनर डायोड उलटा टाकायचा, पिनपासून जमिनीला २.२ किलोओहमचा रेझिस्टर द्यायचा, आणि पिनच्या वाटेवर दहा किलोओहमचा एक राखणदार. झेनर दहा व्होल्ट स्वतः खातो, उरलेलं पिनला. आता पिन सोडते १२.२ ला आणि परत धरते १२.७ ला. अगदी पाहिजे तिथं! चार्जिंगला १४.४ गेलं तरी पिनला ४.४ च मिळतात, पिन सुखरूप.

दुसरी पिन मोकळी असेल तर तिथं ९.१ व्होल्टचा झेनर. ती सोडते ११.३ ला. दोन पिनांत तीन अवस्था झाल्या: बरी, उतरतेय, आता संपली. मोटारसायकलची टाकी आठवा. जुन्या गाडीला काटा कुठं होता? मेन आणि रिझर्व्ह, दोनच. तरी कुणी रोज ढकलत घरी आला नाही.

सांभाळायच्या गोष्टी तीन. एक, पिनची मर्यादा चिपला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात हलते. चिपला रेग्युलेटरमधून पक्के पाच व्होल्ट नसतील तर बॅटरीबरोबर गजही आखूड होतो, आणि आखूड गजानं मोजलेलं कापड नेहमी पुरेसंच भरतं. दोन, झेनरही दहा म्हणजे दहा नसतो. पाच टक्के इकडं-तिकडं म्हणजे अर्धा व्होल्ट, त्यात उन्हाचा फरक वेगळा. म्हणून प्रत्येक बोर्ड मल्टिमीटर लावून एकदा तपासा आणि पेटीच्या आतल्या बाजूला आकडा लिहून ठेवा. तीन, लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीला हे गणित लागू नाही. ती बराच काळ एकाच व्होल्टेजला सपाट राहते आणि शेवटी एकदम पडते, हो-नाहीत तिची मधली अवस्था कळत नाही.

कधी विचारायचं, आणि उत्तर नाही आलं तर

ऊन असताना बॅटरीला विचारू नका. पॅनल मागं उभं असताना मेलेली बॅटरीही तेरा व्होल्ट दाखवते. रात्रभर झटके देऊन झाल्यावर, उजाडायच्या आधी विचारा. मी पहाटे चारला विचारायला लावलंय. तेव्हाचं "हो" हे खरं "हो".

आणि रेल्वेचा धडा. बॅटरी उतरली की मेसेज, एवढंच ठेवलं तर फसगत आहे, कारण बॅटरी एकदम मेली की मेसेज पाठवणारी चिपही तिच्याबरोबरच मरते. म्हणून रोज पहाटे "आहे" असा मेसेज आला पाहिजे. न आलेला मेसेज म्हणजे लाल सिग्नल.

मोठी माणसंही हेच करतात. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि नदीची पातळी आपोआप कळवणारी केंद्रं आहेत, सोलर आणि बॅटरीवरची. असल्या यंत्रांत सहसा मोजमापाबरोबर बॅटरीचं व्होल्टेजही पाठवायची पद्धत असते. का, ते सांगलीकराला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. महाबळेश्वर-नवजाला धो-धो पाऊस असतो तेव्हाच सूर्य दिसत नाही. ज्या दिवशी यंत्राची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत त्याची बॅटरी सगळ्यात कमी भरते. आपल्या झटका मशीनचंही तेच: पावसाळी अंधारी रात्र, गव्याची आणि उतरत्या बॅटरीची वेळ एकच.

सगळ्याचं सार एवढंच. कोयनेच्या लोलकानं, हायड्रोमीटरच्या तीन रंगांनी, कॉइलनं आपल्याला दाखवलंय की राखणीला बारीक आकडा लागतोच असं नाही. मर्यादा नीट ठरलेली पाहिजे, प्रश्न योग्य वेळी गेला पाहिजे, आणि उत्तर न येणं हेही उत्तर धरलं पाहिजे. दोन झेनर आणि चार रेझिस्टर, दुकानात चहाच्या पैशात मिळतात. श्रावणाच्या आत बसवून घ्या, आणि ज्याला जमत नाही त्या शेजाऱ्यालाही बसवून द्या. त्याच्या तारेत थेट लाईन जाण्यापेक्षा ते कधीही स्वस्त.